उशिराचं माप

ब्रनोच्या त्या तळघरात
माप रात्री एकनंतरच घ्यायचं, असा नियम.
त्याआधी वरून ट्राम जातात,
आणि हवेच्या उशांवर तोललेलं टेबलसुद्धा
केसाच्या हजाराव्या भागाइतकं शहारतं.

काचपट्टीवर मूत्रपिंडाची पेशी. जिवंत.
रंग द्यावा तर दिसते, पण मरते.
न द्यावा तर पाण्यात पाणी.
प्रकाश तिच्यातून जातो, काही न सांडता बाहेर येतो,
फक्त जरासा मागे पडतो,
गर्दीतून वाट काढत आलेल्या माणसासारखा.
कॅमेऱ्याला त्याचं काही नाही.
तो किती आले ते मोजतो.
कधी आले, हा रकानाच त्याच्या वहीत नाही.

पुस्तकात या उशिराला कला म्हणतात,
चंद्राच्या असतात तोच शब्द.
आणि खोडही तीच: फेरा पुरा झाला की पुन्हा शून्य.
अमावस्येला विचारा, कितवी तू? सांगत नाही.
म्हणून रादोवाननं ती वाट सोडली.
आता तो तीन चित्रं घेतो:
एक नेमकं, एक दोन मायक्रॉन वर, एक दोन मायक्रॉन खाली.
फोकस ढळला की पेशीची कड उजळते, काळवंडते,
आणि तेवढ्या चहाडीवरून गणित
सगळा उशीर पुन्हा रचतं.

रचतं, पण कडांबद्दल खरं बोलतं
आणि सपाट, संथ गोष्टींबद्दल थापा मारतं.
कोऱ्या पाण्यावर ढग.
पेशी त्यात बसलेली, निम्मी खरी.
आठ महिने ढग.
रादोवाननं सूत्रात दंड वाढवला.
ढग विरले, पेशीही चपटी झाली,
वरून लाटणं फिरवल्यासारखी.
त्यानं दंड काढून टाकला. ढग परत आले.

द्राहोमीरा मार्चमध्ये निवृत्त होणार.
काचा धुते, दिवे बदलते,
आणि रोज अकरा मिनिटं उशिरा येते.
झिदेनित्सेला नवरा आहे, ऑक्सिजनच्या यंत्राला जोडलेला;
नळी बदलून, पाणी भरून, मग कोट.
हे तळघरात कुणाला ठाऊक नाही.
वेळ मांडायच्या तक्त्यावर फक्त अकरा दिसतात.

त्या रात्री ती पडद्याकडे बघत राहिली.
म्हणाली, आमची आई आलुबुखाराचा मुरंबा विकायची.
प्रत्येक बरणी आधी रिकामी तोलायची,
बुडाला खडूनं आकडा.
नाहीतर काचेचेच पैसे घेशील, म्हणायची.
तुम्ही रिकामं पाणी कधी तोललंत?

रादोवान गप्प.
मग पट्टी सरकवली, जिथे पेशी नाही तिथवर.
तोच दिवा, तोच हीटर, भिंगावरची तीच धूळ.
तीन चित्रं. गणित.
ढग होतेच. कुणीही नसताना होते.
इतके दिवस आपण पासंगासकट वजन सांगत होतो.

वजा केले.
पडदा काळा पडला, अगदी स्वच्छ,
आणि मधे ती, गाभ्याजवळ जाड, कडेला विरळ.
पाणी सोडून तीनशे बारा पिकोग्रॅम.

सगळं साधलं असं नाही.
दाराकडच्या कोपऱ्यात एक ढग उरला,
हीटर तापला की फुगणारा.
म्हणजे दर वीस मिनिटांनी पुन्हा पट्टी सरकवायची,
पुन्हा रिकामं मोजायचं.
वहीत नोंद केली. शाई संपत आली होती.

तीन चाळीसला पेशी मधोमध चिमटली.
एकशे साठ. एकशे बावन्न.
सारखी वाटणी तिलाही जमली नाही.
दोघं बघत राहिले. कॉफी गार झाली.

पाचच्या सुमारास द्राहोमीरानं कोट चढवला.
रादोवाननं तक्त्याकडे पाहिलं,
त्या अकराकडे, मग तिच्याकडे.
वाटेत काय असतं, एवढंच विचारायला
तोंड उघडलं,
आणि वरून दिवसाची पहिली ट्राम गेली.
टेबल शहारलं.
पडद्यावर दोन्ही पेशी क्षणभर पुसट झाल्या.